झोपलेल्या बाळाचा श्वास यंत्राला किती कळतो?

छत्रपती संभाजीनगर, लातूर, नांदेड या शहरांतल्या काही घरांत बाळंतविड्याबरोबर आता एक नवी वस्तू येऊ लागली आहे. पुण्यात किंवा परदेशात नोकरीला असलेला मामा भाच्यासाठी पायात घालायचा मऊ पायमोजा किंवा लंगोटाला अडकवायची छोटी चकती पाठवतो. ती मोबाइलला जोडली की बाळाची नाडी, रक्तातला ऑक्सिजन किंवा पोटाची हालचाल पडद्यावर दिसते आणि काही बिघडल्यास गजर होतो. पहिलटकरणीला रात्री दहा वेळा उठून बाळाच्या नाकापुढे बोट धरावेसे वाटते, त्यामुळे असे यंत्र मिळाले की घरातल्या सगळ्यांनाच हायसे वाटते. ही काळजी खरी आहे आणि तिला हसण्यासारखे काही नाही. मात्र ते यंत्र नेमके काय मोजते, काय मोजत नाही आणि आपल्या भागातल्या तान्ह्या बाळांना ज्या गोष्टींचा धोका असतो त्यांच्याशी त्याचा किती संबंध आहे, हे ठाऊक नसताना त्याच्या भरवशावर राहणे योग्य नाही.

पायमोज्याच्या आत असतो तो ऑक्सिमीटर. कोरोनाच्या काळात, २०२० च्या सप्टेंबरात सुरू झालेल्या ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत आरोग्यपथके घरोघर येऊन बोटाला जो चिमटा लावत होती, त्याच जातीचे हे उपकरण आहे. त्यातला दिवा त्वचेवर दोन प्रकारचा प्रकाश टाकतो, एक डोळ्यांना दिसणारा लाल आणि दुसरा न दिसणारा अवरक्त. ऑक्सिजन घेतलेले रक्त आणि ऑक्सिजन देऊन परतणारे रक्त हे दोन्ही प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात शोषतात. शिवाय नाडीच्या प्रत्येक ठोक्याबरोबर रक्ताचे प्रमाण क्षणभर वाढते, म्हणून त्या ठोक्यापुरता प्रकाशात पडणारा फरक पकडून यंत्र ऑक्सिजनची टक्केवारी काढते. ही युक्ती जपानी अभियंते ताकुओ आओयागी यांनी १९७४ च्या सुमारास मांडली आणि पुढे तिने शस्त्रक्रियागृहांचे रूप पालटले. तिचे मोल निर्विवाद आहे. पण या साऱ्या वर्णनात श्वास कुठेच आलेला नाही, हे नीट ध्यानात घ्यायला हवे. ऑक्सिमीटर श्वास मोजत नाही. श्वास थांबल्यानंतर फुप्फुसांत उरलेली हवा काही सेकंद पुरते, मग रक्तातला ऑक्सिजन घसरू लागतो, ती घसरण पायापर्यंत पोहोचते आणि यंत्र काही सेकंदांची सरासरी काढून मग आकडा बदलते. म्हणजे आपल्याला कळतो तो श्वास थांबल्याचा परिणाम, आणि तोही थोडा उशिराने.

लंगोटाला अडकवायच्या चकतीचे काम वेगळे आहे. ती पोटाच्या हालचालीवर लक्ष ठेवते आणि साधारण १५ ते २० सेकंद हालचाल जाणवली नाही तर वाजते. तान्ही बाळे मुख्यतः पोटाच्या पडद्याने श्वास घेतात, छातीपेक्षा त्यांचे पोट अधिक उडते, त्यामुळे ही कल्पना वरवर पाहता चुकीची नाही. अडचण अशी की बाळाचे नाक-तोंड दुपट्यात दबले किंवा मान वाकून श्वासनलिका मिटली, तर बाळ श्वास घेण्यासाठी जोराने धडपडते. हवा आत जात नसते, पण पोट आणि छाती हलत असतात आणि चकतीला सगळे ठीक दिसते. गादीखाली ठेवायच्या पट्टीला तर छताच्या पंख्याचे हादरे आणि शेजारी झोपलेल्या आईचे कूस बदलणेसुद्धा बाळाची हालचाल वाटू शकते. आपल्याकडे बाळ झोळीत असते, झोळीला दोरी बांधून आजी झोका देत असते, आणि त्या झोक्यात बाळाची स्वतःची हालचाल किती व झोक्याची किती हे वेगळे काढणे अशा साध्या उपकरणाच्या आवाक्यातले नाही.

आता यंत्र बाजूला ठेवून बाळाच्या श्वासाकडे पाहू, कारण निम्मा गोंधळ तेथेच आहे. मोठा माणूस शांत झोपेत मिनिटाला साधारण १२ ते २० श्वास घेतो आणि ते घड्याळासारखे एका लयीत चालतात. नवजात बाळ मिनिटाला ३० ते ६० श्वास घेते आणि त्यात लय नसते. पाच-सहा भराभर श्वास, मग एखादा खोल उसासा, मग पाच ते दहा सेकंद काहीच नाही, आणि पुन्हा भराभर श्वास, असे चक्र निरोगी बाळातही चालू असते. मेंदूच्या देठाशी असलेले श्वासाचे केंद्र रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडचा अंदाज घेऊन श्वासाची गती ठरवते आणि पहिल्या काही महिन्यांत ते केंद्र अजून तयार होत असते. त्यातच नवजात बाळाची निम्मी झोप डोळे फिरणाऱ्या, स्वप्नांच्या झोपेत जाते आणि त्या झोपेत श्वास अधिकच अनियमित असतो. डॉक्टर ज्याला खरा श्वासखंड म्हणतात तो २० सेकंदांचा किंवा त्याहून मोठा असतो, किंवा मग त्याहून छोटा असूनही त्याच वेळी बाळ निळे-फिकट पडलेले, ढिले झालेले किंवा त्याच्या हृदयाचे ठोके मंदावलेले असतात.

जिंतूरजवळच्या एका वस्तीवर आशाताईंबरोबर गेलो असताना हे फार जवळून पाहायला मिळाले. बाळ चौदा दिवसांचे होते. आजी दारातच म्हणाल्या, “ताई, लेकरू मधीच दम धरतंय बघा.” आशाताईंनी बाळाला आईच्या मांडीवर आडवे ठेवायला सांगितले, अंगावरचे दुपटे बेंबीपर्यंत खाली घेतले, मनगटावरचे घड्याळ बाळाच्या पोटाजवळ धरले आणि पूर्ण एक मिनिट त्या पोटाकडे पाहत राहिल्या. पहिल्या वेळी ६३ श्वास भरले. बाळ नुकतेच पिऊन झाले होते, मधूनच चुळबुळ करत होते. त्या घाई न करता थांबल्या, बाळ शांत झाल्यावर पुन्हा मोजले, तेव्हा ४८ भरले. मधला थांबा त्यांनी आजींना बोटांवर मोजून दाखवला, तो सात सेकंदांचा होता. ओठ गुलाबी, छाती आत ओढली जात नाही, बाळ जोराने ओढून पिते, एवढे पाहून त्यांनी वहीत नोंद केली. साठ किंवा अधिक आकडा आला तर पुन्हा पूर्ण मिनिट मोजायचे, हा नियम त्यांना प्रशिक्षणात शिकवलेला असतो. पंधरा सेकंद मोजून चाराने गुणायचे नाही, कारण त्या पंधरा सेकंदांत नेमका तो थांबा आला तर हिशेब पार चुकतो.

यंत्राकडे असा थांबण्याचा शहाणपणा नसतो. बाळाने पाय झाडला, मोजा सैल झाला, डिसेंबरातल्या थंडीत पाय गार पडून रक्तप्रवाह कमी झाला किंवा मोज्यात बाहेरचा उजेड शिरला, तर प्रकाशाचा हिशेब बिघडतो. अशा चुकीच्या गजरांचे गणित समजून घेण्यासारखे आहे. समजा, एक हजार निरोगी बाळांच्या पायात यंत्र आहे आणि ते इतके चांगले आहे की शंभर रात्रींत एकदाच विनाकारण वाजते. तरीही दररोज रात्री दहा घरांत लोक धडधडत्या छातीने उठतील, आणि त्या हजार घरांत खरोखरच जिवावर बेतणारा प्रसंग त्या रात्री एकाही घरात नसण्याची शक्यताच सर्वांत मोठी असेल. घटना जितकी दुर्मीळ, तितका प्रत्येक गजर खोटा असण्याचा संभव अधिक. हा त्या विशिष्ट कंपनीचा दोष नाही, तर निरोगी बाळांवर सतत पाळत ठेवण्याच्या कल्पनेतच तो अंगभूत आहे. त्याचे परिणाम मात्र घर भोगते. रात्री दोन वाजता गाडी करून पन्नास किलोमीटरवरचा दवाखाना गाठला जातो, बाळाचे रक्त काढले जाते, एक दिवस देखरेखीखाली ठेवले जाते, बाळंतीण झोपेविना खंगते आणि तिचे दूध उतरेनासे होते. उलट बाजू याहून वाईट आहे. बाळ दिवसभर नीट प्यायले नाही, अंगात कणकण आहे, पण मोबाइलवर ९७ दिसते आहे म्हणून दवाखान्यात जाणे सकाळवर ढकलले जाते. नवजात बाळाच्या जंतुसंसर्गात ऑक्सिजनचा आकडा बराच वेळ चांगला राहू शकतो, आणि तोच वेळ मोलाचा असतो.

घरी यंत्र लावून बाळाचा अचानक मृत्यू टाळता येईल, ही समजूत आली कोठून, हेही सांगायला हवे. अमेरिकेत १९७२ साली डॉ. आल्फ्रेड स्टाइनश्नायडर यांनी एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. झोपेत श्वास थांबणे आणि धडधाकट बाळाचा झोपेत अचानक मृत्यू होणे यांचा संबंध आहे, असे त्यांनी एका कुटुंबातल्या भावंडांच्या उदाहरणावरून मांडले. त्यातून घरगुती यंत्रांचा मोठा व्यवसाय उभा राहिला. पुढे १९९५ मध्ये त्याच कुटुंबातल्या आईला आपल्या पाच मुलांचा जीव घेतल्याबद्दल दोषी ठरवण्यात आले, म्हणजे ज्या उदाहरणावर सिद्धान्त उभा होता ते उदाहरणच खरे नव्हते. तोवर हजारो घरांत यंत्रे लागली होती. त्यानंतर एक हजाराहून अधिक बाळांवर घरीच यंत्रे लावून केलेला एक मोठा अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दिसले की ज्या थांब्यांवर यंत्रे वाजतात, तसे थांबे पूर्ण दिवसांच्या निरोगी बाळांपैकीही सुमारे ४३ टक्क्यांमध्ये कधी ना कधी आढळतात. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने अचानक मृत्यू टाळण्यासाठी अशी यंत्रे वापरू नयेत, असे २००३ मध्ये स्पष्टपणे सांगितले आणि २०२२ च्या मार्गदर्शनातही तेच कायम ठेवले. त्या देशात हे मृत्यू निम्म्याहून कमी झाले, ते बाळाला पाठीवर निजवण्याच्या, १९९४ पासून चालवलेल्या प्रचारानंतर. त्या बदलासाठी कोणाला काही विकत घ्यावे लागले नाही.

पायमोज्यांची कथा अलीकडची आहे. फिलाडेल्फियातल्या बालरुग्णालयाने २०१८ मध्ये दोन प्रकारची उपकरणे रुग्णालयातल्या खात्रीच्या यंत्राशी ताडून पाहिली. एकाने ऑक्सिजन घसरल्याचे पकडले, पण दर वेळी नाही. दुसऱ्याने घसरण एकदाही पकडली नाही आणि नाडी मात्र चुकीची, खूप मंद दाखवली. त्यानंतर २०२१ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने सर्वांत जास्त खपणाऱ्या पायमोज्याच्या कंपनीला, वैद्यकीय उपकरणाची परवानगी नसताना ते तसे विकल्याबद्दल ताकीद दिली आणि कंपनीला विक्री थांबवावी लागली. सुधारलेल्या मोज्याला २०२३ च्या अखेरीस परवानगी मिळाली, पण ती १ ते १८ महिन्यांच्या निरोगी बाळांपुरती, आणि आजाराचे निदान किंवा अचानक मृत्यूपासून बचाव हा तिचा हेतू नाही. ऑक्सिमीटरबाबत आणखी एक गोष्ट आपल्या दृष्टीने महत्त्वाची आहे. सावळ्या-काळ्या त्वचेवर हे तंत्र ऑक्सिजन प्रत्यक्षाहून जास्त दाखवण्याकडे झुकते. अमेरिकेतल्या मोठ्या रुग्णांवरच्या २०२० च्या अभ्यासात, यंत्राच्या नजरेतून निसटलेली ऑक्सिजनची कमतरता कृष्णवर्णीयांमध्ये गौरवर्णीयांच्या जवळजवळ तिप्पट आढळली होती. तिकडच्या बाळांवर तपासलेला मोजा आपल्या बाळांवर तितकाच अचूक असेल, असे गृहीत धरू नये.

त्या परवान्यातली ‘एक महिन्यापुढची निरोगी बाळे’ ही अट वाचून मी बराच वेळ थांबलो, कारण आपला प्रश्न नेमका त्या महिन्याच्या अलीकडे आहे. जन्म-मृत्यूंचा अंदाज घेणाऱ्या केंद्र सरकारच्या नमुना नोंदणी पाहणीच्या २०२० च्या आकड्यांनुसार महाराष्ट्रात हजार जिवंत जन्मांमागे १६ बाळे वर्षाच्या आत दगावली आणि त्यांपैकी ११ पहिल्या अठ्ठावीस दिवसांतच गेली. म्हणजे तिघांतली दोघे हा मोजा वापरण्याच्या वयाला पोहोचलीच नाहीत. ती जातात कमी दिवसांचे आणि कमी वजनाचे जन्मल्यामुळे, जन्मताना गुदमरल्यामुळे, जंतुसंसर्गामुळे आणि न्यूमोनियामुळे. या आजारांत धोक्याची खूण आधी दिसते ती आईला, आजीला आणि आशाताईंना. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या स्त्रियांना बाळाचे श्वास मोजायला शिकवले, आकडे नीट न येणाऱ्या सुइणींसाठी मणी आणि एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ असलेले साधे साधन बनवले. या घरपोच नवजात सेवेने तेथील नवजातांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचे १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. आज मराठवाड्यातल्या प्रत्येक गावात आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी बाळाला पाहायला येतात, त्या याच कामाचा वारसा चालवतात.

त्या काय पाहतात, ते प्रत्येक घराला ठाऊक असावे. दोन महिन्यांच्या आतील बाळ शांत असताना पूर्ण मिनिटात ६० किंवा अधिक श्वास, दोन महिने ते एक वर्षाच्या बाळात ५० किंवा अधिक श्वास, श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग खोल आत जाणे, कण्हणे, अंगावर न पिणे, बाळ मलूल होऊन हलवल्याशिवाय हालचाल न करणे, आचके, अंग तापणे किंवा गार पडणे, ओठ-जीभ निळी पडणे. यांपैकी एक जरी दिसले तरी यंत्राचा आकडा काहीही असो, बाळाला आईच्या छातीशी उघड्या अंगाला अंग लावून, वरून पांघरूण घेऊन दवाखान्यात न्यावे. १०२ आणि १०८ या क्रमांकांवर गाडी विनामूल्य मिळते आणि जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांचा विशेष कक्ष असतो. पोट उडते आहे म्हणून बिब्बा घालणे किंवा डाग देणे यात बाळाला वेदना होतात, जखम चिघळते आणि उपचाराचे तास वाया जातात. या सल्ल्याला, तो कितीही मायेने आणि वडीलधाऱ्या तोंडून आला तरी, नम्रपणे पण ठाम नकार द्यावा.

काही बाळांना मात्र यंत्राची खरोखर गरज असते. चौतीस आठवड्यांच्या आत जन्मलेल्या बाळांमध्ये श्वास थांबण्याचा आजारच असू शकतो, त्यासाठी कक्षात कॅफीनचे औषध देतात, आणि काही दिवस श्वास न थांबता गेल्यावरच बाळाला घरी सोडतात. फुप्फुसांचा जुनाट विकार, घरी चालू असलेला ऑक्सिजन, हृदयाचे काही जन्मजात दोष अशा वेळी डॉक्टर घरी ऑक्सिमीटर ठेवायला सांगतात. तो वैद्यकीय दर्जाचा असतो, बाळाच्या मापाचा गुंडाळायचा सेन्सर असलेला असतो, आणि कोणत्या आकड्याला काय करायचे हे डॉक्टरांनी लिहून दिलेले असते. कोरोनात घेतलेला मोठ्यांचा चिमटा बाळाच्या बोटाला किंवा अंगठ्याला लावू नये. तो तेथे नीट बसत नाही आणि जो आकडा दाखवतो त्यावर विसंबता येत नाही.

निरोगी बाळासाठी झोपेची जागा हे सर्वांत भरवशाचे संरक्षण आहे. बाळाला पाठीवर, टणक आणि सपाट अंथरुणावर निजवावे. डोके गोल व्हावे म्हणून ठेवली जाणारी मोहरीची उशी, जाड गोधडी, तोंडावर ओढलेली ओढणी, बाजूला रचलेले लोड, यांपैकी काहीही झोपलेल्या बाळाजवळ नको. साडीच्या झोळीत बाळ अर्धगोल होऊन हनुवटी छातीला टेकते आणि त्याची बारीक श्वासनलिका मिटू शकते. म्हणून शांतवण्यासाठी झोळी घेतली तरी झोप लागल्यावर, आणि कमी दिवसांचे बाळ असेल तर आधीपासूनच, त्याला सपाट जागी ठेवावे. एप्रिल-मे महिन्यांत परभणी-नांदेडकडे पारा चाळिशीच्या वर असतो, तरीही सव्वा महिना झाला नाही म्हणून बाळाला टोपडे, झबले आणि दोन दुपट्यांत गुंडाळलेले असते. अंग जास्त तापणे हेही अचानक मृत्यूच्या जोखमींपैकी एक आहे, आणि मानेमागे घाम हाताला लागला तर एक थर कमी करावा. खोलीत विडी-सिगारेट आणि चुलीचा धूर नको. बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला गेलेल्या बाईचे बाळ कोपीत, उसाच्या पाचटाशेजारी निजते. तिला हा सारा उपदेश ऐकवण्याआधी बाळासाठी धूर नसलेली, सपाट जागा मिळवून देणे हे मुकादम आणि कारखान्याचे काम आहे, आणि ते झाले पाहिजे असे मला तीव्रतेने वाटते.

घरात मोजा आलाच असेल तर तो फेकून देण्याची गरज नाही. वीज गेली की त्याच्याबरोबर येणारा, गजर देणारा बेसचा डबा आणि वायफाय बंद पडू शकतात, हे आधीच तपासून ठेवावे. रोज पाय बदलावा, त्वचेवर लाली किंवा वळ दिसल्यास काढून ठेवावा. तो आहे म्हणून बाळ दुसऱ्या खोलीत ठेवू नये. पहिले सहा महिने तरी बाळ आईच्या खोलीतच, पण स्वतःच्या अंथरुणावर असावे. गजर झाला की मोबाइलकडे नव्हे, आधी बाळाकडे पाहावे. रंग चांगला आहे, श्वास चालू आहे, हात लावल्यावर कुरकुरते, तर मोजा नीट बसवावा आणि वर सांगितलेल्या खुणा एकदा तपासाव्यात. श्वास दिसत नसेल तर तळपाय आणि पाठ चोळून बाळाला जागे करावे, जोराने हलवू नये. तरीही प्रतिसाद नसेल तर एकाने १०८ ला फोन लावावा आणि दुसऱ्याने बाळाला टणक जागी पाठीवर ठेवून, मान सरळ धरून, आपल्या तोंडाने त्याचे नाक आणि तोंड दोन्ही झाकून, छाती उचलेल इतक्याच दोन हलक्या फुंकरा द्याव्यात. मग दोन्ही तळहातांनी छाती वेढून, स्तनाग्रांच्या रेषेच्या जरा खाली दोन अंगठ्यांनी सुमारे चार सेंटिमीटर खोल ३० दाब, मिनिटाला १०० ते १२० च्या गतीने, आणि पुन्हा दोन फुंकरा. हे वाचून येत नाही. बाळंतपणाआधीच आई, वडील आणि आजी यांनी ते प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा प्रसूती होणार असलेल्या दवाखान्यात बाहुलीवर करून दाखवण्याची विनंती करावी, आणि डॉक्टरांनीही ती कंटाळा न करता मान्य करावी.